नदीचा केसपेपर

जिनिव्हाला जागतिक आरोग्य संघटनेच्या आवारात एक पुतळा आहे. एक लहान मुलगा काठीचे एक टोक धरून पुढे चालला आहे आणि त्याच काठीचे दुसरे टोक धरून एक अंध माणूस त्याच्या मागे पावले टाकतो आहे. असेच शिल्प वॉशिंग्टनला जागतिक बँकेच्या मुख्यालयात आहे आणि बुर्किना फासो या देशाची राजधानी वागाडुगू इथेही आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या नदीकाठच्या गावांत अर्ध्या शतकापूर्वी हे रोजचे दृश्य होते. बाप आंधळा, काका आंधळा आणि त्यांना शेतावर नेण्यासाठी घरातले एक पोर कायमचे अडकलेले. काही गावांत दर दहा माणसांमागे एकाची दृष्टी गेलेली होती. लोक शेवटी नदीकाठची काळीभोर जमीन सोडून वर माळरानावर राहायला जात. तिथे डोळे वाचत, पण पोट भरत नसे.

या रोगाचे नाव ऑन्कोसर्कायसिस. बोलीभाषेत रिव्हर ब्लाइंडनेस, म्हणजे नदीमुळे येणारे अंधत्व. आज तिथली अनेक खोरी पुन्हा वस्तीने आणि शेतीने भरली आहेत. हा बदल कसा झाला, याची गोष्ट साधारणपणे एका औषधाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. ते औषध मोठे आहेच. पण त्याआधीची तेरा-चौदा वर्षे आणि नंतरचीही बरीच वर्षे हे काम चालले ते नदीच्या नोंदींवर. रुग्णालयात पेशंटच्या खाटेला जसा ताप, नाडी आणि रक्तदाबाचा तक्ता लावलेला असतो, तसा तक्ता इथे हजारो किलोमीटर नद्यांचा ठेवला गेला. नदीची आणि माणसाची तब्येत एकाच कागदावर लिहायची वेळ आली, की काय काय सांभाळावे लागते, हे त्यातून शिकण्यासारखे आहे.

रोग कातडीत, मूळ पाण्यात

महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीला नारू आठवत असेल. विहिरीच्या पाण्यातून शरीरात जाणारा आणि पायातून बाहेर पडणारा दोऱ्यासारखा जंत. ऑन्कोसर्का हाही दोऱ्यासारखाच जंत आहे, पण तो पाणी पिण्यातून येत नाही. तो येतो चाव्यातून. मादी जंत कातडीखालच्या गाठीत दहा ते पंधरा वर्षे जगते आणि रोज शेकडो सूक्ष्म पिल्ले सोडत राहते. ही पिल्ले कातडीत फिरतात. त्यामुळे इतकी खाज सुटते की माणसे विटकरीच्या तुकड्याने अंग खाजवतात. कातडी जाड होते, सुरकुतते, नडगीवर पांढरे ठिपके उठतात. काही पिल्ले डोळ्यापर्यंत पोहोचतात आणि तिथे मरतात. मेलेल्या पिल्लांभोवती सूज येते, बुबुळावरचा पारदर्शक पडदा हळूहळू दुधाळ होतो आणि वर्षानुवर्षे असे होत राहिले की दृष्टी जाते. ती परत येत नाही.

एका माणसाकडून दुसऱ्याकडे हा जंत नेते ती सिम्युलियम नावाची छोटी, पाठीला कुबड असलेली काळी माशी. ती हा रोग पसरवते हे ब्लॅकलॉक या डॉक्टरांनी १९२६ साली सिएरा लिओनमध्ये दाखवून दिले. या माशीची एक खोड आहे. तिला डबक्यातले साचलेले पाणी चालत नाही. तिची अळी खळाळत्या पाण्यातल्या दगडाला किंवा पाणवनस्पतीला चिकटून राहते आणि वाहत आलेले कण गाळून खाते. म्हणून जिथे नदी खडकांवरून उड्या मारत जाते, तिथे माशी. जिथे माशी, तिथे आंधळी गावे. नकाशावर नदीची रेघ आणि अंधत्वाचे ठिपके एकमेकांवर बसत, ते या खोडीमुळे.

विष किती, हे नदी सांगणार

१९७२ साली जागतिक बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष रॉबर्ट मॅक्नमारा पश्चिम आफ्रिकेच्या दौऱ्यावर असताना त्यांनी ही गावे पाहिली. दोन वर्षांनी, १९७४ मध्ये, जागतिक आरोग्य संघटना, जागतिक बँक, संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम आणि अन्न व कृषी संघटना यांनी मिळून सात देशांत नियंत्रण मोहीम सुरू केली. पुढे देशांची संख्या अकरा झाली. भर काळात मोहिमेचे क्षेत्र सुमारे १२ लाख ३५ हजार चौरस किलोमीटर होते, म्हणजे महाराष्ट्राच्या चौपट. त्यातल्या नद्यांची लांबी सुमारे ५० हजार किलोमीटर.

त्या वेळी माणसांना सरसकट देता येईल असे सुरक्षित औषध हाती नव्हते. म्हणून मारायचे ठरले ते अळीला. अळीची माशी व्हायला साधारण आठवडा-दीड आठवडा लागतो. तेव्हा दर आठवड्याला हेलिकॉप्टर किंवा छोट्या विमानातून नदीच्या खळाळावर अळीनाशक टाकायचे. आणि हे किती वर्षे करायचे? माणसाच्या अंगातला मादी जंत म्हातारा होऊन मरेपर्यंत. म्हणजे किमान चौदा वर्षे, एकही आठवडा न चुकवता. मध्येच थांबले, की माशी परत येणार आणि अंगात जंत असलेल्या माणसाला चावून रोग पुन्हा पसरवणार.

आता मात्रेचा प्रश्न. सुरुवातीला टेमेफॉस नावाचे अळीनाशक वापरले. ते दर लिटर पाण्यात ०.०५ मिलिग्रॅम या प्रमाणात दहा मिनिटे राहिले, की पुरे. नदीतून सेकंदाला १०० घनमीटर पाणी वाहत असेल, तर दहा मिनिटांत ६० हजार घनमीटर पाणी जाते. हिशेब केला तर मूळ औषध तीन किलो लागते. तीच नदी उन्हाळ्यात सेकंदाला १० घनमीटरवर आली, तर ३०० ग्रॅम पुरतात. लहान मुलाला औषध देताना आधी वजनकाट्यावर उभे करतात, ते याचसाठी. पावसाळ्यात नदीचे वजन एका रात्रीत बदलते. गेल्या आठवड्याचा आकडा धरून औषध टाकले आणि दरम्यान पाणी ओसरले असेल, तर दसपट विष पडेल. पाणी वाढले असेल, तर अळी मरणार नाही, उलट त्या औषधाला सरावेल.

म्हणून नदीकाठी पाण्याची पातळी मोजणाऱ्या पट्ट्या लावल्या गेल्या. प्रत्येक ठिकाणी किती पातळीला किती प्रवाह, याचे कोष्टक तयार झाले. १९८०च्या दशकात पातळी आपोआप मोजून उपग्रहामार्फत पाठवणारी यंत्रे बसली. उड्डाणाआधीच पायलटच्या हातात त्या दिवशीचा प्रवाह आणि त्यावरून काढलेली मात्रा येऊ लागली. नदीच्या प्रवाहाची नोंद ही इथे औषधाच्या चिठ्ठीचाच भाग होती.

माशी मोजणारा माणूस

औषध लागू पडते आहे की नाही, हे कसे कळणार? त्यासाठी नदीकाठी ठरावीक ठिकाणी माणसे बसत. सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत, पाय उघडे टाकून. माशी पायावर बसली की चावण्याआधीच तिला छोट्या नळीत पकडायचे, तास आणि ठिकाण लिहायचे. मग सूक्ष्मदर्शकाखाली माशी उघडून पाहायची. तिने पूर्वी अंडी घातली आहेत का, म्हणजे ती वयाने मोठी आहे का, आणि तिच्यात जंताची पिल्ले आहेत का. काम कंटाळवाणे आणि धोक्याचेही. एखादी माशी चावून जाणारच. गावाचे डोळे वाचावेत म्हणून काही माणसे स्वतःचे पाय पुढे करत होती, हे त्या आकड्यांकडे बघताना विसरता येत नाही.

या नोंदींतून दोन आकडे काढले जात. एका माणसाला एका ठिकाणी वर्षभरात किती माश्या चावू शकतील, हा पहिला. त्या चाव्यांतून वर्षाला जंताची किती पिल्ले अंगात जाऊ शकतील, हा दुसरा. पहिला आकडा हजाराच्या आणि दुसरा शंभराच्या खाली असेल, तर त्या गावात राहून डोळे जाण्याचा धोका सहन करण्याइतका कमी आहे, असे मानले जाई. ओसाड खोऱ्यात लोकांनी परत यावे का, याचे उत्तर या दोन आकड्यांवर ठरत असे.

प्रत्येक ठिकाणाला खोरे, नदी आणि जागा यांची ओळख होती आणि तीच ओळख वर्षानुवर्षे कायम ठेवली जाई. ही बाब किरकोळ वाटते, पण सारी मदार तिच्यावर असते. नदीवरच्या दोन जागांमधले अंतर कावळा उडतो तसे मोजून उपयोगाचे नसते. नदी वळणे घेते, उपनद्या मिळतात. वर टाकलेले औषध खाली कुठवर पोहोचेल, हे पाण्याच्या वाटेने मोजलेल्या अंतरावर ठरते. म्हणून नदीच्या नकाशात नुसता अक्षांश-रेखांश पुरत नाही. हा ठिपका कोणत्या प्रवाहावर, कोणाच्या वर आणि कोणाच्या खाली, हेही लिहावे लागते. माणसाच्या शरीरात रक्तवाहिनीतला अडथळा कुठे आहे हे सांगताना त्याच्या पुढे कोणता भाग येतो हे जसे सांगावे लागते, तसेच हे.

अशा नोंदवहीतला आणखी एक बारकावा रुग्णालयातल्या प्रत्येक सिस्टरला ठाऊक असतो. तक्त्यावर रिकामे घर आणि शून्य यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दिवसभर बसून एकही माशी मिळाली नाही, तर शून्य. पूर आला म्हणून कोणी गेलेच नाही, तर रिकामे घर. संगणकात भरताना कोणी रिकाम्या घरात शून्य टाकले, तर कागदावर रोग संपतो आणि गावात तो तसाच राहतो.

मासे मेले तर?

आता सर्वांत अवघड प्रश्न. ज्या नदीत दर आठवड्याला कीटकनाशक पडते, त्याच नदीतले मासे गाव खाते, त्याच पाण्यात मुले पोहतात. डोळे वाचवताना नदी मेली, तर मोहीम यशस्वी म्हणायची का?

ही शंका मोहिमेच्या आखणीतच धरली होती, ही या कामाची सर्वांत मोठी जमेची बाजू. नदीच्या जीवसृष्टीची तपासणी मोहिमेच्या सुरुवातीपासून झाली आणि तिचा अर्थ लावण्यासाठी मोहिमेबाहेरच्या तज्ज्ञांचा स्वतंत्र पर्यावरण गट नेमला गेला. जो औषध देतो, त्यानेच ‘दुष्परिणाम नाहीत’ असे लिहून चालत नाही. कोणतेही नवे अळीनाशक आधी इतर जलचरांवर तपासायचे आणि गटाने मान्यता दिली तरच नदीत टाकायचे, असा नियम होता. कोणतीही प्रजाती नाहीशी होऊ नये, प्रजातींचे आपापसातले प्रमाण फार बदलू नये आणि औषध अन्नसाखळीत साठत जाऊ नये, अशा त्यांच्या अटी होत्या.

तपासणीची पद्धत साधी आणि काटेकोर. प्रवाहात रात्री जाळी लावून वाहत येणारे किडे जमा करायचे. दगडांवरच्या ठरावीक क्षेत्रफळातले किडे मोजायचे. आणि माशांसाठी ठरावीक मापाच्या भोकांची जाळी, ठरावीक वेळ, त्याच जागी, वर्षातून ठरलेल्या वेळी. किती मासे मिळाले याला एरवी अर्थ नसतो. किती जाळ्याला, किती रात्रींत मिळाले, यालाच अर्थ असतो. एका वर्षी बारीक भोकांचे जाळे आणि दुसऱ्या वर्षी मोठ्या भोकांचे वापरले, तर नदीतले मासे बदललेले दिसतील. प्रत्यक्षात बदलले असेल ते फक्त जाळे.

या नोंदींतून काय दिसले? औषध पडल्यावर लगेच प्रवाहात निसटून वाहणाऱ्या किड्यांची संख्या एकदम वाढते. अळीसारखेच पाणी गाळून खाणारे काही किडे कमी होतात. पण औषध थांबले किंवा बदलले, की बहुतेक किडे भरून येतात. माशांच्या संख्येत मोठे चढउतार दिसले, ते मुख्यतः पाऊसमानाचे आणि पुराचे होते. दुष्काळाच्या वर्षी नदी आटली, की मासे कमी. इथे दीर्घ नोंदींचे मोल कळते. दोन-तीन वर्षांचेच आकडे हातात असते, तर कोणीही दुष्काळाचे खापर औषधावर फोडले असते, किंवा चांगल्या पावसाच्या वर्षी औषधाला निर्दोष ठरवले असते. नदीच्या जीवसृष्टीला कायमची, न भरून येणारी हानी झालेली दिसली नाही, हा निष्कर्ष वीस-पंचवीस वर्षांच्या तक्त्यावर उभा आहे.

सगळीच औषधे सारखी सौम्य नव्हती. जलचरांना जास्त घातक ठरणारी काही कीटकनाशके वर्षातून मोजक्या वेळाच आणि नदीला भरपूर पाणी असतानाच वापरायची, असे बंधन तपासणीच्या आधारे घातले गेले. नदीची तपासणी अहवालापुरती राहिली नाही. तिने डॉक्टरांचा हात धरला.

आकडे जुळेनात, तेव्हा

नोंदी नीट ठेवल्याचा खरा फायदा सगळे सुरळीत असताना कळत नाही. तो कळतो आकडे जुळत नाहीत तेव्हा. मोहिमेत असे तीन प्रसंग आले.

पहिला पावसाळ्याच्या तोंडावरचा. नदीत अळी सापडत नव्हती. औषध नीट पडत होते. तरीही नदीकाठी माश्या येत होत्या. त्याही वयाने मोठ्या, अंगात जंत असलेल्या. नोंदीत चूक असेल असे म्हणून हा आकडा खोडता आला असता. तो खोडला नाही. ठिकाणे, तारखा आणि वाऱ्याची दिशा एकत्र मांडल्यावर दिसले, की या माश्या नैर्ऋत्येकडून येणाऱ्या मोसमी वाऱ्यावर बसून शेकडो किलोमीटर दूरच्या, मोहिमेबाहेरच्या नद्यांवरून येतात. म्हणून मोहीम पश्चिमेकडे गिनी, गिनी-बिसाऊ, सेनेगल आणि सिएरा लिओनपर्यंत वाढवावी लागली. रोगाची हद्द देशांच्या सीमेवर संपत नव्हती.

दुसरा प्रसंग नावाचा. जिला सारे एकच माशी समजत होते, तिचे अळीच्या गुणसूत्रांवरून अनेक जुळ्या प्रजातींत विभाजन करावे लागते, असे वाजिमे आणि डनबार यांनी १९७५ मध्ये दाखवले. दिसायला सारख्या, वागायला वेगळ्या. काही गवताळ प्रदेशातल्या, काही जंगलातल्या. गवताळ प्रदेशात पसरणारा जंताचा प्रकार डोळ्यांना जास्त घातक. म्हणजे जुन्या नोंदीतल्या एका नावाखाली अनेक माश्या लपल्या होत्या. अशा वेळी जुने नाव पुसून नवे लिहायचे नसते. जुनी नोंद तशीच ठेवून, कोणत्या पद्धतीने आणि कधी ओळख पटवली, हे शेजारी लिहायचे असते. केसपेपरवर आधीचे निदान खोडून टाकत नाहीत. त्यावर आडवी रेघ मारून नवे लिहितात आणि खाली तारीख घालतात.

तिसरा प्रसंग औषधाला सरावण्याचा. १९८० साली आयव्हरी कोस्टमध्ये टेमेफॉसला न जुमानणाऱ्या अळ्या सापडल्या. नियमित तपासणीमुळे हे वेळेत लक्षात आले. मग एकाच औषधावर विसंबणे सोडून नदीचा प्रवाह, ऋतू आणि जागा पाहून औषधे आलटून-पालटून वापरण्याची पद्धत आली. कमी प्रवाहात बीटीआय हे जिवाणूपासून मिळणारे अळीनाशक वापरले जाई. ते इतर जलचरांना फारसे त्रास देत नाही, पण मोठ्या पुरात त्याची इतकी मात्रा लागते की विमानात मावत नाही. प्रतिजैविके आलटून-पालटून आणि जपून वापरावीत, असे आज रुग्णालयांत सांगावे लागते. नदीवर हा धडा त्याआधीच गिरवला गेला होता.

दोन नकाशे एकावर एक

१९८७ मध्ये आयव्हरमेक्टिन या औषधाची निर्माती कंपनी मर्कने ते लागेल तितके आणि लागेल तोवर मोफत देण्याचे जाहीर केले. वर्षातून एकदा गोळ्या घेतल्या, की कातडीतली पिल्ले मरतात. या औषधाच्या शोधासाठी विल्यम कॅम्पबेल आणि सातोशी ओमुरा यांना २०१५ चे नोबेल मिळाले. आता माशीबरोबर माणसातल्या जंतावरही उपचार शक्य झाले आणि मोहीम मध्य व पूर्व आफ्रिकेकडे वळली. पण लाखो गावांपैकी गोळ्या कुठे वाटायच्या?

इथे पुन्हा नदी मदतीला आली. प्रत्येक गाव तपासण्याऐवजी नदीखोऱ्यांच्या नकाशावरून धोक्याची गावे निवडली. निवडलेल्या प्रत्येक गावात तीस ते पन्नास प्रौढांच्या कातडीखालच्या गाठी हाताने चाचपल्या. सुई नाही, प्रयोगशाळा नाही. आकडे संगणकावरच्या नकाशात भरून मधल्या न तपासलेल्या भागाचा अंदाज बांधला. वीस देशांत मिळून साडेचौदा हजारांच्या आसपास गावे अशी तपासली गेली. जिथे पाचपैकी एकापेक्षा जास्त प्रौढांना गाठी, तिथे गोळ्या आधी.

मात्र मध्य आफ्रिकेच्या जंगलात एक धोका दबा धरून होता. तिथे लोआ लोआ नावाचा दुसरा जंत आढळतो. तो कधी कधी डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून सरकताना दिसतो. ज्याच्या रक्तात या जंताची पिल्ले फार मोठ्या संख्येने आहेत, त्याला आयव्हरमेक्टिन दिले तर पिल्ले एकदम मरून मेंदूला सूज येऊ शकते. माणूस बेशुद्ध होतो, दगावूही शकतो. म्हणजे डोळे वाचवणारी गोळी काही गावांत जीव घेऊ शकत होती. म्हणून दुसरा नकाशा काढला गेला. उपग्रहावरून दिसणारे जंगल आणि जमिनीची उंची यांवरून लोआचा अंदाज, आणि गावात जाऊन विचारलेला एक सोपा प्रश्न : ‘डोळ्यात सरकणारा जंत तुम्हाला कधी झाला होता का?’ हे दोन नकाशे एकावर एक ठेवले, की कुठे गोळ्या बिनधास्त द्यायच्या, कुठे डॉक्टरांची तयारी ठेवून द्यायच्या आणि कुठे आधी रक्त तपासायचे, हे ठरवता आले. दोन्ही नकाशांत गावाचे नाव एकच आणि जागा एकच असेल, तरच हे जमते. एकाच नावाची दोन गावे अदलाबदल झाली, तर परिणाम माणसाच्या जिवावर.

काय मिळाले

पश्चिम आफ्रिकेतली मोहीम २००२ मध्ये संपली. सुमारे सहा लाख माणसांचे अंधत्व टळले आणि अडीच कोटी हेक्टर जमीन पुन्हा लागवडीयोग्य झाली, असा हिशेब मांडला जातो. दरमाणशी खर्च वर्षाला एक डॉलरहून कमी. सगळीकडे मात्र चित्र सारखे नव्हते. सिएरा लिओनमध्ये यादवी युद्धामुळे काम बंद पडले. तिथे आणि आणखी काही भागांत रोग टिकून राहिला, म्हणून तिथे पुढची पाच वर्षे खास मोहीम चालवावी लागली. तक्त्यात खंड पडला, की रोग त्या फटीतून आत येतो.

आता लक्ष्य नियंत्रणाचे नाही, उच्चाटनाचे आहे, आणि त्याला लागणारा पुरावा जास्त कडक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या नियमांनुसार दहा वर्षांखालच्या मुलांच्या रक्तात या जंताविरुद्धच्या प्रतिपिंडांचे प्रमाण हजारी एकापेक्षा कमी असावे लागते, आणि दर दोन हजार माश्यांत संसर्गक्षम जंत असलेली एकाहून कमी. ‘रोग दिसत नाही’ एवढे म्हणून भागत नाही. कुठे, किती शोधला आणि तरी सापडला नाही, हे दाखवावे लागते.

आपल्या नद्यांजवळ

ऑन्कोसर्कायसिस हा आपल्याकडचा रोग नाही. पण नदीची नोंद आपल्याकडेही ठेवली जाते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२२ च्या अहवालात देशातले ३११ नदीपट्टे प्रदूषित ठरवले. त्यांतले ५५ महाराष्ट्रातले, कोणत्याही राज्यापेक्षा जास्त. ही वर्गवारी पाण्याच्या बीओडीवर, म्हणजे सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू खातात, यावर केली जाते. दर लिटरला तीन मिलिग्रॅमच्या वर गेले, की पट्टा प्रदूषित.

हा आकडा उपयोगी आहे, पण तापासारखा. ताप आहे हे कळते, का आहे ते कळत नाही. त्या दिवशी नदीत पाणी किती होते? धरणातून सोडले होते की नाही? नमुना नाल्याच्या वर घेतला की खाली? त्याच जागी दहा वर्षांपूर्वी कोणते मासे, कोणते शिंपले मिळत होते? नदीकाठच्या दवाखान्यांत त्या महिन्यात जुलाबाचे आणि काविळीचे किती रुग्ण आले? यांतली बरीचशी माहिती कुठल्या ना कुठल्या कार्यालयात असते. पण पाणी एका खात्याकडे, मासे दुसऱ्याकडे आणि रुग्ण तिसऱ्याकडे. एकाच जागेला तिघांची तीन नावे असतील, तर हे कागद कधीच एकमेकांना भेटत नाहीत.

नदीकाठच्या शाळेला, महाविद्यालयाला किंवा ग्रामपंचायतीला यात करता येण्यासारखे आहे, आणि त्याला उपग्रह लागत नाही. एक पूल निवडावा. दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, त्याच जागेवरून पाण्याची पातळी, रंग, वास आणि दगडाखालचे किडे लिहावेत. कोळी बांधवांना विचारून मिळालेले मासे त्यांच्या बोलीतल्या नावाने लिहावेत. जागेचे अक्षांश-रेखांश मोबाइलवर मिळतात. लिहिणाऱ्याचे नाव घालावे. ज्या महिन्यात कोणी गेले नाही, तिथे ‘गेलो नाही’ असे लिहावे, शून्य नव्हे. वही एक वर्ष चालली तर ती कुतूहल असते. दहा वर्षे चालली तर पुरावा असतो.

३० जानेवारी २०२५ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने नायजर हा देश ऑन्कोसर्कायसिसमुक्त झाल्याचे जाहीर केले. आफ्रिकेत असे ठरलेला हा पहिला देश. तिथल्या नद्यांवर १९७६ पासून १९८९ पर्यंत अळीनाशक पडले होते, नंतर गोळ्या वाटल्या गेल्या, आणि त्यानंतरही वर्षानुवर्षे माणसे आणि माश्या तपासल्या गेल्या. नदीकाठी पाय उघडे टाकून माश्या पकडणाऱ्यांनी लिहिलेली पहिली पाने आणि या घोषणेची तारीख यांत जवळपास अर्धे शतक आहे. एवढ्या काळात लिहिणारे हात बदलले, यंत्रे बदलली, माशीचे नावही बदलले. नदीचा केसपेपर मात्र एकच राहिला.